जर्मन ग्रामसंस्थांची मानचिन्हे व ध्वज

जर्मन ग्रामसंस्थांची मानचिन्हे व ध्वज : जर्मनीतील खेडी व लहान नगरे यांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपली ओळख व अधिकार दर्शविण्यासाठी स्वीकारलेली ढालीच्या आकारातील चिन्हे व त्यांवर आधारलेली निशाणे. या संस्थांना जर्मन भाषेत ‘गेमाइंड’ म्हणतात. जर्मनीत अशा साडेदहा हजारांहून अधिक संस्था असून त्यांपैकी बहुतेकांना स्वतःचे मानचिन्ह आहे.

मानचिन्हांचा उगम मध्ययुगीन युद्धपद्धतीत आहे. बाराव्या शतकात चिलखतधारी सरदार ओळखता यावेत म्हणून त्यांच्या ढाली ठळक रंगांनी व आकृतींनी चिन्हांकित होऊ लागल्या. नगरांची चिन्हे मात्र मुख्यतः मुद्रांवरून आली. दस्तऐवज प्रमाणित करण्यासाठी नगराला स्वतःची मुद्रा लागे. कोलोन नगराची मुद्रा बाराव्या शतकाच्या मध्यास वापरात होती. मुद्रांवर तट, वेशी, आश्रयदाते संत किंवा अधिपतीचे चिन्ह कोरीत. पुढे यातील आकृती ढालीवर आल्या व त्यांना रंग लाभले. खेड्यांना बहुधा मुद्रेचा अधिकार नसे. तथापि वुर्टेंबेर्क व बाडेन या नैर्ऋत्येकडील प्रदेशांत गावशिवेच्या दगडांवर खुणा कोरण्याची पद्धत होती. नांगराचा फाळ, घोड्याची नाल, द्राक्षवेल छाटण्याची कोयती यांसारख्या या साध्या खुणाच पुढे अनेक गावांच्या मानचिन्हांत आल्या.

आशयाच्या दृष्टीने या चिन्हांचे काही ठळक प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात जुन्या सत्तेची खूण असते : माइन्त्सच्या आर्चबिशपांचे लाल भूमीवरील रुपेरी चाक, बाडेनचा सोनेरी भूमीवरील तिरपा लाल पट्टा, वुर्टेंबेर्कची काळी सांबरशिंगे किंवा बव्हेरियाचे निळे-पांढरे शंकरपाळी चौकट. एखाद्या गावाच्या ढालीवरील चाक पाहून तेथे पूर्वी माइन्त्सची सत्ता असल्याचा तर्क करता येतो. दुसरा प्रकार ‘बोलक्या’ चिन्हांचा होय. यात नावाचा अर्थ चित्राने सांगितलेला असतो; उदा., लिंडाऊचा लिंडन वृक्ष, रोझनहाइमचा गुलाब व एबरबाखचा रानडुक्कर. लोकव्युत्पत्तीतून आलेली अशी चिन्हे भाषाशास्त्रदृष्ट्या चुकीची असली, तरी गावाची स्वतःविषयीची कल्पना त्यांतून कळते. तिसऱ्या प्रकारात चर्चचे संत, तर चौथ्यात शेती, खाणकाम, मासेमारी इ. व्यवसायांची साधने येतात.

या चिन्हांची रचना ठराविक नियमांनी होते. सोनेरी व रुपेरी हे ‘धातू’, तर लाल, निळा, काळा व हिरवा हे ‘रंग’ मानले जातात. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवीत नाहीत. दुरून स्पष्ट दिसणे हा त्यामागील हेतू होय. चिन्हाच्या वर्णनात डावे-उजवे ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात; त्यामुळे ते पाहणाऱ्याला उलटे वाटते. ध्वज बहुधा मानचिन्हातील मुख्य रंगांच्या दोन वा तीन पट्ट्यांचा असून त्यावर ढाल काढलेली असते. सोनेरीऐवजी पिवळा व रुपेरीऐवजी पांढरा रंग वापरतात. उंच व अरुंद, उभ्या पट्ट्यांचे लोंबते निशाण जर्मन नगरांत विशेष आढळते. मानचिन्ह असलेल्या प्रत्येक संस्थेला ध्वज असतोच असे नाही.

मानचिन्ह कोणी द्यावे, या प्रश्नाचे उत्तर सत्तेबरोबर बदलत गेले. राजेशाहीत ते अधिपतीच्या अनुज्ञेने मिळे. प्रशियातील १८०८ च्या नगरकायद्याने नगरांना स्वशासन मिळाल्यावर त्यांच्या चिन्हांना नवे महत्त्व आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कार्ल्सरूए येथील अभिलेखागाराने बाडेनमधील खेड्यांसाठी जुन्या मुद्रांच्या आधारे मानचिन्हे सुचविली. म्यूनिकचे चित्रकार ओटो हूप (१८५९–१९४९) यांनी जर्मन नगरे व खेडी यांच्या चिन्हांचा प्रचंड संग्रह रेखाटला. एका कॉफी-कंपनीने वितरित केलेल्या चित्रपत्रिकांमुळे तो घरोघरी पोहोचला.

नाझी राजवटीच्या १९३५ च्या ग्रामसंस्था कायद्याने नवी चिन्हे देण्याचा अधिकार वरिष्ठ राज्याधिकाऱ्यांकडे गेला. कोबुर्क नगराच्या ढालीवरील संत मॉरिस या कृष्णवर्णीय संताचे मस्तक १९३४ मध्ये काढून तेथे स्वस्तिकांकित तलवार बसविण्यात आली; १९४५ मध्ये जुने चिन्ह पुन्हा आले. पूर्व जर्मनीत १९५२ मध्ये घटकराज्ये मोडल्यानंतर गावांच्या चिन्हांना शासकीय व्यवहारात फारसे स्थान उरले नाही. १९९० च्या स्वशासन कायद्यानंतर तेथील अनेक गावांनी जुनी चिन्हे पुन्हा स्वीकारली वा नवी तयार करविली.

पश्चिम जर्मनीत १९६७ ते १९७८ च्या सुमारास झालेल्या पुनर्रचनेत ग्रामसंस्थांची संख्या सु. २४,००० वरून सु. ८,५०० वर आली. हजारो गावे विलीन झाली व त्यांची चिन्हे अधिकृत वापरातून गेली. एकत्रित संस्थेच्या ढालीवर कोणाचे चिन्ह राहावे, हा प्रश्न त्यामुळे नाजूक बनला. काही ठिकाणी जुन्या चिन्हांचे भाग एकत्र केले गेले, तर काही ठिकाणी जितकी गावे तितक्या लोंब्या, पाने किंवा तारे काढून समान मान राखला गेला. विलीन झालेल्या गावांतील मंडळे व अग्निशामक पथके आपले जुने चिन्ह अनेकदा जपून ठेवतात.

१९४९ च्या संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने ग्रामसंस्थांच्या स्वशासनाची हमी दिली आहे. सामान्यतः ग्रामपरिषद ठराव करते, जाणकार आराखडा काढतो, राज्य अभिलेखागार मत देते व त्यानंतर राज्यनियमांनुसार मान्यता मिळते. नागरी संहितेतील नामाधिकाराच्या तरतुदीनुसार मानचिन्हाला संरक्षण असून त्याच्या वापरासाठी इतरांना संस्थेची परवानगी घ्यावी लागते. मुळात अधिपतीचे वर्चस्व दर्शविणारी ही चिन्हे अशा रीतीने गावाच्या स्वशासनाची खूण बनली आहेत.