घसारा, वाहनाचा (सरळ रेषा पद्धत)

वापरामुळे आणि काळामुळे वाहनाच्या मूल्यात होणारी घट दरवर्षी सारखीच धरून हिशेब करण्याची पद्धत. जमाखर्चाच्या पुस्तकांत तिला स्थिर हप्ता पद्धत असेही म्हणतात. शाळेत शिकलेले y = mx + c हे समीकरण इथे थेट कामाला येते. c ही खरेदीची किंमत, x वर्षे, y पुस्तकी मूल्य आणि m हा चढ. तो ऋण असल्याने रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते.

भाड्याने चालवण्यासाठी एका कंपनीने 12,00,000 रुपयांना टॅक्सी घेतली असे समजू. कंपनी कायदा, 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीत अशा वाहनाचे आयुष्य 6 वर्षे धरले आहे, तर मोड किंमत सामान्यतः मूळ किमतीच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे. म्हणजे मोडीचे 60,000 वजा जाता उरलेले 11,40,000 रुपये 6 वर्षांत विभागायचे. वार्षिक घसारा 1,90,000 रुपये.

y = 12,00,000 − 1,90,000x

चौथ्या वर्षाअखेर मूल्य 4,40,000. तीच गाडी भाड्याने न देता कचेरीच्या कामाला ठेवली, तर आयुष्य 8 वर्षे होते, रेषेचा उतार सौम्य होतो आणि त्याच वेळी पुस्तकात 6,30,000 रुपये दिसतात. गाडी तीच, रेषा निराळी!

बाजार मात्र इतका सरळ चालत नाही. शोरूमबाहेर पडताच नव्या गाडीचा भाव झपाट्याने घसरतो, पुढे घसरण मंदावते. त्या वक्राला घटत्या शिलकीची पद्धत अधिक जवळची. प्राप्तिकरासाठी वाहनांचा घसारा सहसा तिनेच काढतात.