सर्व्हरचा वेग मोजताना

फाइली एका मोठ्या संगणकावर ठेवायच्या आणि टेबलावरच्या अनेक छोट्या संगणकांनी त्या स्वतःच्याच डिस्कवर असल्यासारख्या वापरायच्या, ही सोय आज शाळेच्या संगणक कक्षातही आढळते. १९९१ साली पीसी आणि युनिक्स यांची बोली मात्र निराळी होती. आम्ही तेव्हा खिशात फ्लॉपी घालून या खोलीतून त्या खोलीत जात असू.

त्या वर्षीच्या डिसेंबरात कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणारे अँड्र्यू ट्रिजेल याच अडचणीत सापडले. एका नव्या सॉफ्टवेअरसाठी त्यांच्या पीसीला डेक कंपनीची नेटवर्क प्रणाली लागत होती. ती ठेवली की युनिक्सवरच्या फाइली हाताबाहेर जात. या प्रणालीचे नियम त्यांना ठाऊक नव्हते. मग त्यांनी तारेवरून ये-जा करणारी डेटाची पाकिटे टिपणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. अमुक विनंती गेली की तमुक उत्तर येते, हे पाहून तशीच उत्तरे देणारा सर्व्हर युनिक्सवर उभा केला आणि जानेवारी १९९२ मध्ये सर्वांना मोकळा करून दिला. पुढे त्यांनी स्वतःच याची तुलना परक्या देशातल्या उपाहारगृहाशी केली. भाषा येत नसली, तरी कोण काय मागतो आणि वेटर काय आणतो हे पाहत बसायचे! १९९४ मध्ये या सर्व्हरला 'सांबा' हे नाव मिळाले. तेही एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने असलेले शब्द शब्दसूचीत शोधून.

आता हा सर्व्हर किती वेगवान? त्या काळची प्रमाण चाचणी 'नेटबेंच'. तिला ६० ते १५० पीसींची प्रयोगशाळा लागे. एवढी यंत्रे सामान्य संशोधकाकडे कुठून येणार? शिवाय शेवटी मिळणाऱ्या एका आकड्यात डिस्क, नेटवर्क आणि सांबा यांचा वाटा मिसळलेला असे. लंबकाचा आवर्तकाल मोजताना विद्यार्थ्याच्या बोटाचा उशीरही घड्याळात शिरतो, तसेच हे. ट्रिजेल यांनी भार वेगळा केला. 'डीबेंच' हा प्रोग्रॅम फक्त फाइलींची कामे करतो, नेटवर्कला हात लावत नाही; 'टीबेंच' याच्या बरोबर उलट. दोन्ही एकाच यंत्रावर चालवून पाहता येतात. आमच्या मते हे काम सांबाइतकेच मोलाचे आहे.

एप्रिल १९९९ मध्ये माइंडक्राफ्ट या संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या पैशातून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली: फाइल सर्व्हर म्हणून विंडोज एनटी ही लिनक्स-सांबाच्या अडीच पट वेगवान! पक्षपाताची ओरड झाली, आणि ती निराधार नव्हती. म्हणून जूनमध्ये लिनक्सच्या जाणकारांना सोबत घेऊन चाचणी पुन्हा झाली. तरीही एनटीच पुढे राहिली.

कारण यंत्राच्या रचनेत सापडले. सर्व्हरला चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डे होती. पण लिनक्स २.२ मध्ये नेटवर्कचे बरेचसे काम एका वेळी एकच प्रोसेसर करू शके. पोस्टात खिडक्या चार आणि शिक्का एकच, अशी गत. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत प्रत्येक खिडकीला आपला शिक्का मिळाला.