पाण्याआधीचा करार : गुंजवणी-नीरा खोरे आणि पुरंदरमधील पाणी पंचायत

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यातील राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे हे गाव वसले आहे. चोर दरवाजाने पद्मावती माचीवर चढणाऱ्या दुर्गप्रेमींना ते परिचित असले, तरी इतिहासाच्या अभ्यासात या गावाचा उल्लेख बहुधा गडाच्या अनुषंगानेच येतो. ज्या गुंजवणी नदीवरून गुंजण मावळाला नाव मिळाले, ती नदी पुढे नीरेला मिळते. नीरेच्या पाण्याने दूर पूर्वेकडील प्रदेश समृद्ध झाला. वेल्हे-भोरचा डोंगरी पट्टा पावसात चिंब भिजतो, तर लगतचा पुरंदर तालुका बव्हंशी पर्जन्यछायेत येतो. एकाच खोऱ्यातील या विषमतेच्या पार्श्वभूमीवर सामान्य शेतकऱ्यांनी आपल्या भविष्याची आखणी एकत्र बसून कशी केली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी पुरंदरमधील पाणी पंचायतीचा प्रयोग आधारभूत मानला आहे.

मावळातील पूर्वपीठिका

उद्याच्या हंगामाविषयी आज करार करण्याची रीत या प्रदेशाला नवी नव्हती. इ.स. १६३० च्या दुष्काळाने आणि युद्धांच्या धामधुमीने मावळातील गावे ओस पडली होती. त्यानंतर रयतेला इस्ताव्याचे कौल देण्यात आले. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यावा आणि तो वर्षावर्षाने वाढवीत न्यावा, असे या कौलाचे स्वरूप होते. शिवाजी महाराजांनी इ.स. १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदारास पाठविलेले पत्रही याच धोरणाचे द्योतक होय. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत त्यास बैल द्यावेत, खावयास धान्य द्यावे आणि त्याची ऐपत होईल तेव्हा वसुली करावी, असा त्या पत्राचा आशय आहे. मात्र येथे भविष्याची हमी वरून खाली येते. देणारे राज्य आणि घेणारी रयत, असे हे नाते आहे. प्रजाहिताचे धोरण आणि प्रजेने स्वतः केलेला करार यांतील हे अंतर अनेकदा दुर्लक्षित राहते.

ब्रिटिश काळात तर हे नाते अधिकच एकतर्फी झाले. नीरा डावा कालवा इ.स. १८८५ च्या सुमारास सुरू झाला. भोर संस्थानाच्या हद्दीतील भाटघर येथे इ.स. १९२८ मध्ये नवे, मोठे धरण पूर्ण झाले. पाणी भोरमध्ये साठले आणि ऊस कालव्याकाठी पिकला. शेजारच्या मुळशीत इ.स. १९२१ पासून शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. परंतु तेथील लढा बुडणारी जमीन वाचविण्याचा होता. साठणाऱ्या पाण्याची वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न लोकांनी स्वतः हाती घ्यावयास आणखी पन्नास वर्षे जावी लागली.

नायगावचा प्रयोग

इ.स. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील हजारो माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती. पुण्यातील अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी ही कामे पाहिली. दुष्काळी कामांतून मजुरी मिळे, मात्र पुढच्या दुष्काळात उपयोगी पडेल असे फारसे काही उभे राहत नसे, हे त्यांच्या ध्यानी आले. इ.स. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानाची स्थापना झाली आणि नायगाव येथील देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेण्यात आली. उतारावर बांध घातले गेले, पायथ्याशी पाझर तलाव झाला, त्याखाली विहीर खोदली गेली आणि ते पाणी उचलून वरच्या शेतास देण्यात आले. कल्पनाताई साळुंखे यांचाही या कार्यात मोलाचा वाटा होता.

तांत्रिकदृष्ट्या यात अपूर्व असे काही नव्हते. अपूर्व होती ती नियमावली, आणि तिच्याकडेच अभ्यासकांचे लक्ष अधिक जावयास हवे. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या संख्येनुसार द्यावयाचे होते. दर माणशी अर्ध्या एकरापुरते आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते पाणी, असे प्रमाण ठरले. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क मिळाला. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जात नसे. ऊस घ्यावयाचा नाही, हा नियम सर्वांना सारखा होता. उपसा योजनेच्या खर्चापैकी २० टक्के वाटा लाभधारकांनी उचलावयाचा, ५० टक्के शासकीय अनुदान मिळवावयाचे आणि उर्वरित ३० टक्के रक्कम प्रतिष्ठानाने बिनव्याजी कर्जाऊ द्यावयाची, अशी आर्थिक रचना होती. पाणी सोडण्यासाठी पाटकरी गटाने नेमावयाचा होता.

या नियमांचा क्रम अर्थपूर्ण आहे. योजना उभी राहण्यापूर्वीच गटाला वाटणी मान्य करावी लागे. एकदा पाणी शेतात खेळू लागले, की ज्याची जमीन मोठी त्याचा आवाज मोठा होतो आणि मग समान वाटणीचा ठराव मंजूर होणे दुरापास्त असते. पाणी नसताना सर्वांचीच स्थिती सारखी असते. त्या सारखेपणाच्या काळातच करार करून घेणे, हे या प्रयोगामागील खरे शहाणपण होते. पुढे १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदुळवाडी-बलवडी परिसरातील लोकांनी मुक्तिसंघर्ष चळवळीच्या पुढाकाराने बळीराजा स्मृती धरण उभारले. तेथेही भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान हक्क हेच तत्त्व स्वीकारले गेले.

अर्थात, या प्रयोगाचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. भूमिहीनास पाण्याचा हक्क मिळाला, तरी ते पाणी सोडावयास जमीन लागतेच. कुटुंबातील माणसे मोजताना स्त्री मोजली जाई, पण माणशी मोजला गेलेला हा हक्क अखेर कुटुंबाच्या खाती जमा होई. उपसा योजना विजेवर अवलंबून असल्याने वीजबिल आणि पंपाची दुरुस्ती ही कायमची डोकेदुखी ठरली. शिवाय, उसाचा भाव शेजारी दिसत असताना ऊसबंदी पाळणे हे पिढीगणिक कठीण होत जाणारे व्रत आहे.

कायदा आणि गुंजवणीचे पाणी

इ.स. २००२ मध्ये विलासराव साळुंखे यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, इ.स. २००५ मध्ये, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम आणि सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा अधिनियम हे दोन कायदे झाले. पाणीवापर संस्थांना कायदेशीर स्थान मिळाले, ही बाब स्वागतार्ह होय. परंतु प्राधिकरणाच्या कायद्याने पाण्याचा कोटा लाभक्षेत्रातील जमिनीच्या आधारे ठरविला. टंचाईच्या काळात प्रत्येक जमीनधारकास शक्यतो किमान एक एकर भिजेल इतके पाणी द्यावे, ही त्यातील तरतूद पाणी पंचायतीच्या विचाराची पुसट आठवण करून देते. तथापि तीही जमीनधारकापुरतीच आहे. भूमिहीन माणूस या हिशेबात कोठेच येत नाही.

पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात धानेपजवळ उभ्या राहिलेल्या गुंजवणी धरणाच्या संदर्भात हा मुद्दा पुन्हा समोर येतो. सुमारे ३.६९ टीएमसी क्षमतेच्या या प्रकल्पाचे नियोजन राजगड (पूर्वीचा वेल्हे), भोर आणि पुरंदर या तिन्ही तालुक्यांसाठी असून पाणी बंद नलिकेने नेण्याची योजना आहे. ज्या पुरंदरात माणशी पाणी मोजण्याची रीत रुजली, तेथेच आता राजगडाच्या परिसरातील पाणी एकरी हिशेबाने जावयाचे आहे. आणि या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचे नाव लाभक्षेत्राच्या उताऱ्यावर सापडेलच, असे नाही.