लिहिणाऱ्याचा वेग, वाचणाऱ्याची सोय : मोडीपासून सर्व्हरपर्यंत

मंडळी, आपण चोपड्यात बसलोय, तर उदाहरण सातबाऱ्याचंच घेऊ. केळीसाठी पीककर्ज काढायचं तर हा कागद आधी लागतो. गाव नमुना सात म्हणजे जमिनीचा हक्क, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. तो लवकर मिळावा आणि वाचताही यावा, एवढीच शेतकऱ्याची मागणी. पण या दोन गोष्टींचं भांडण जुनं आहे.

मोडी बघा. हात फारसा न उचलता लिहायची लिपी, त्यामुळे दफ्तरात कारकुनाचा बोरू धावायचा. मात्र ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला, ओझं वाचणाऱ्यावर पडलं. म्हणून आजही जुना मोडी कागद हाती आला की जाणकार शोधत फिरावं लागतं.

वेब आलं तेव्हा हेच भांडण सर्व्हरवर गेलं. रासमुस लेरडॉर्फ यांनी 1995 मध्ये पीएचपी लोकांसमोर ठेवलं. 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टचं एएसपी आलं. दोन्हींत कल्पना एकच: पानाचा साचा तयार ठेवायचा, बदलणारी नोंद तेवढी मधे भरायची. तलाठी भाऊसाहेब छापील नमुन्यात नाव भरायचे, तसंच.

अडचण पुढे होती. एएसपीत बरेच जण तुकड्याला तुकडा जोडून आधी अख्खं पान तयार करत. दर जोडणीला मागचा सगळा मजकूर पुन्हा नकलून घेतला जाई. 100 अक्षरांचे 1000 तुकडे जोडले तर पान होतं 1 लाख अक्षरांचं, पण नक्कल होते सुमारे 5 कोटी अक्षरांची! उपाय साधा होता: तुकडा तयार झाला की थेट बफरमध्ये लिहायचा आणि शेवटी एकदम पाठवायचा. 2000 च्या सुमारास एएसपी 3.0 मध्ये बफर आपोआप चालू राहू लागला. 2002 च्या डॉटनेटमध्ये जोडणीसाठीच स्ट्रिंगबिल्डर मिळाला. आणि पर्ल, पीएचपीतल्या हिअरडॉकमुळे लांब मजकूर अवतरणचिन्हांच्या जंजाळाशिवाय, जसा दिसायला हवा तसाच लिहिता आला. म्हणजे कोडही वाचता येऊ लागलं.

मराठीला आणखी एक पायरी चढावी लागली. पूर्वी ज्या फॉन्टात मजकूर टाइप केला तो समोरच्याकडे नसेल तर नुसती गिचमिड दिसे. युनिकोडने ते मिटवलं. किंमत काय? यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या दर चिन्हाला 3 बाइट लागतात. ‘चोपडा’ शब्दात काना-मात्रेसह 5 चिन्हं, म्हणजे 15 बाइट. रोमन लिपीत हेच नाव 6 बाइटांत बसतं. पण इथे ओझं यंत्राने उचललं, माणसाने नाही.

1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यामागे हा सगळा प्रवास आहे. वेग वाढवताना एकच प्रश्न विचारत राहू: वाचलेला वेळ कोणाचा, आणि वाढलेला त्रास कोणाचा? उतारा दोन सेकंदांत आला, पण वाचायला दुसऱ्याकडे जावं लागलं, तर आपण मोडीच्याच काळात आहोत.