होनोलुलूचे कोतोहिरा देवस्थान

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी जपानी मजूर इ. स. १८८५ पासून मोठ्या संख्येने करारावर जाऊ लागले. करार संपताच गावी परतावे, असा बहुतेकांचा मनोदय होता. परंतु अनेक जण तेथेच स्थिरावले. मुलेबाळे झाली आणि मग देवाची उणीव भासू लागली. १८९८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेने हवाई आपल्यात सामील करून घेतले त्याच वर्षी, हिलो गावी त्यांचे पहिले शिंतो देवालय स्थापन झाले. १९२० मध्ये होनोलुलू शहरात कोतोहिरा जिंशा या देवस्थानाचा आरंभ झाला.

कोतोहिराचे मूळपीठ जपानमधील शिकोकु बेटावर, झोझु म्हणजे ‘गजमस्तक’ नावाच्या डोंगरावर आहे. सागरी प्रवाशांचा व कोळ्यांचा हा रक्षक देव. समुद्र ओलांडून गेलेल्यांना तो जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच होय. या देवाचे जुने नाव ‘कोंपिरा’, आणि ते संस्कृत ‘कुंभीर’ म्हणजे मगर या शब्दाचा अपभ्रंश आहे. बौद्ध परंपरेतील कुंभीर नामक यक्ष चीनमार्गे जपानला पोहोचला. १८६८ मध्ये शासनाने बौद्ध व शिंतो उपासना विभक्त केल्या, तेव्हा त्या स्थानी ओमोनोनुशी या शिंतो देवतेचे अधिष्ठान मानले गेले. भारतातील यक्ष होनोलुलूच्या एका गल्लीपर्यंत असा वळणावळणाने गेला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि सारे पालटले. हवाईत लष्करी कायदा लागू झाला, शिंतो पुरोहितांना अटक झाली, देवालयांची दारे बंद झाली. शिंतो म्हणजे सम्राटपूजा आणि सम्राटपूजा म्हणजे शत्रुनिष्ठा, असे सरळ समीकरण मांडले गेले. जपानी शासनाने धर्माचा राजकारणासाठी वापर केला होता हे खरे; पण मुलाच्या आजारपणात नवस बोलणाऱ्या मळेकऱ्याचा त्या राजकारणाशी काय संबंध, हा प्रश्न त्या धामधुमीत कोणी विचारला नाही.

खरे संकट युद्ध संपल्यानंतर आले. १९१७ च्या शत्रुव्यापारविषयक कायद्यान्वये अमेरिकी सरकारने कोतोहिरा देवस्थानाची मालमत्ता आपल्या ताब्यात घेतली. देवस्थान परकीय सत्तेच्या तंत्राने चालते, असा सरकारपक्षाचा दावा होता. वास्तविक ही संस्था हवाईच्याच कायद्याने नोंदलेली होती. घरे चालवून उरलेल्या पैशांतून भाविकांनी उभी केलेली ही वास्तू. तिच्यावर मुकाट्याने पाणी सोडणे त्यांच्याने होईना. अलीकडेच शत्रू ठरवल्या गेलेल्या या लहानशा समाजाने अमेरिकेच्या महान्यायवाद्यांविरुद्ध फेडरल न्यायालयात दावा दाखल केला! त्या दिवसांत हे धाडस सामान्य नव्हते.

१९५० मध्ये न्यायाधीश जे. फ्रँक मॅकलॉफलिन यांनी देवस्थानाच्या बाजूने निकाल दिला. एखाद्याची श्रद्धा किंवा शिकवण शासनाला रुचत नाही, एवढ्या कारणावरून त्याची मालमत्ता काढून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. मालमत्ता परत मिळाली. होनोलुलूच्याच इझुमो ताइशाक्यो या दुसऱ्या देवालयाला मात्र आपली वास्तू परत मिळण्यासाठी १९६२ पर्यंत वाट पाहावी लागली. कागदपत्रे व हिशेब नीट जपणाऱ्या विश्वस्तांचे मोल अशा प्रसंगीच कळते.

पुढे १९५२ मध्ये कोतोहिरा देवस्थानात विद्येची देवता तेंजिन हिचीही स्थापना झाली. तिचे मूळपीठ दाझाइफु येथील. समुद्राच्या देवाशेजारी विद्येची देवता आली, यात त्या समाजाचे बदललेले जीवनच दिसते. आजोबा मळ्यात राबले, नातवंडे परीक्षांना बसू लागली. नववर्षाच्या पहिल्या दिवशी तेथे दर्शनासाठी रांगा लागतात, आणि त्या रांगांत आता जपानी वंशाचे नसलेलेही अनेक जण उभे असतात.