खिशातला खेळ : चार पेन्सिल सेल, एक हिरवट पडदा आणि एक जुना प्रश्न

न्यूयॉर्कमधील निन्टेन्डोच्या दुकानात अनेक वर्षे एक जळका गेम बॉय काचेच्या पेटीत मांडलेला होता. आखाती युद्धाच्या काळात बॉम्बहल्ल्यात सापडलेल्या बराकीतून तो आला होता. वरचे प्लॅस्टिक वितळून काळे पडले होते. पडद्यावर मात्र टेट्रिसच्या विटा पडताना दिसत.

प्रवासात खेळायला काय घ्यावे, हँडहेल्ड, चांगला स्मार्टफोन की गेमिंग लॅपटॉप, हा प्रश्न आजचा वाटतो. प्रत्यक्षात त्याला चार दशकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात सर्वांत ताकदवान यंत्र बहुतेक वेळा हरलेले आहे. असे का घडले, हे पाहण्यासाठी क्योतोमधील एका अभियंत्यापासून सुरुवात करावी लागते.

गुनपेई योकोई १९६५ मध्ये निन्टेन्डोत रुजू झाला, तेव्हा ती हानाफुदा पत्ते छापणारी कंपनी होती आणि त्याच्याकडे पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचे काम होते. वेळ घालवण्यासाठी त्याने केलेला एक लांबणारा यांत्रिक हात मालक हिरोशी यामाउची यांच्या नजरेस पडला. शिक्षा होण्याऐवजी तो बाजारात आला आणि योकोई खेळण्यांच्या विभागात गेला.

पुढची गोष्ट शिंकानसेनमधली. समोरच्या बाकावरचा एक कंटाळलेला नोकरदार खिशातल्या कॅलक्युलेटरची बटणे दाबत वेळ काढत होता. योकोईच्या मनात आले, की मोठ्या माणसालाही चारचौघांत नजरेत न येता खेळता येईल असे काहीतरी हवे. त्याच सुमारास कॅलक्युलेटर कंपन्यांच्या किमतींच्या युद्धामुळे द्रव-स्फटिकाचे पडदे कमालीचे स्वस्त झाले होते. शार्पकडून असे पडदे घेऊन निन्टेन्डोने १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आणला. एका यंत्रात एकच खेळ आणि सोबत घड्याळ. या मालिकेची ४ कोटी ३० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

योकोईच्या विचारपद्धतीला जपानीत एक नाव आहे. त्याचा अर्थ साधारण ‘सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ असा करता येईल. सुकलेले म्हणजे टाकाऊ नव्हे. जे जुने, स्वस्त आणि पूर्ण ओळखीचे झाले आहे, ज्याचे सगळे दोष ठाऊक आहेत, ते. असे तंत्र मूळ कामावेगळ्या कामाला लावायचे. मराठी घरात उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो, त्या जातीची ही बुद्धी आहे.

आता १९८९ कडे येऊ. त्या वर्षी एप्रिलमध्ये जपानमध्ये गेम बॉय आला. पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा, मागून प्रकाश नाही. अंधारात तो दिसत नसे, खेळायला दिव्याखाली बसावे लागे. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स रंगीत आणि प्रकाशित पडदा घेऊन आला आणि पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दुकानाच्या काउंटरवर तिन्ही शेजारी ठेवले, तर गेम बॉयकडे कोणी पाहिलेही नसते.

फरक दुकानाबाहेर पडल्यावर कळे. त्या काळातील रंगीत पडद्यामागे लहानशी फ्लुरोसंट नळी जळत असे आणि ती सेल अक्षरशः पिऊन टाकी. गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सचेही तेच. गेम बॉय चार सेलवर साधारण पंधरा तास चाले. मुंबई ते नागपूर असा चौदा तासांचा रेल्वेप्रवास धरला, तर चार तासांच्या सरासरीने गेम गिअरला एकवीस सेल लागतील. गेम बॉयला चारच. प्रत्येक प्रवासाला दोन डझन सेल विकत घेऊन देणारे पालक जपानात नव्हते, अमेरिकेतही नव्हते. त्यात अमेरिकेत लिंक्सची किंमत सुमारे १८० डॉलर आणि गेम बॉयची ९० डॉलर, म्हणजे नेमकी दुप्पट.

दुसरे कारण टेट्रिस. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतील संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह याने १९८४ मध्ये तो रचला. त्याचे हक्क मिळवण्याची कहाणी स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. येथे इतकेच महत्त्वाचे, की हेंक रॉजर्स या व्यावसायिकाने निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना पटवले : पेटीत मारिओ घातलात तर मुले विकत घेतील, टेट्रिस घातलात तर सगळे घेतील. झालेही तसेच. १९९३ मध्ये अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह हा रशियन अंतराळवीर टेट्रिससह आपला गेम बॉय ‘मीर’ स्थानकावर घेऊन गेला. चार छटांच्या पडद्याला विटा दाखवण्यापलीकडे काही करावे लागत नव्हते, ही या जोडीची खरी ताकद. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांवर विकल्या गेल्या. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

महाराष्ट्रातील बहुतेक मुलांनी खरा गेम बॉय कधी हाती धरला नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचला तो जत्रेतला आणि खेळण्यांच्या दुकानातला ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम. दहा गुणिले वीस चौकटींचा पडदा, दोन पेन्सिल सेल आणि किर्र आवाज. ९९९९ हा आकडा शुद्ध थाप होती. मोजके खेळ वेगवेगळ्या वेगांनी पुन्हा पुन्हा मोजलेले असत. तरीही योकोईच्या ‘सुकलेल्या तंत्रा’चे याहून प्रामाणिक उदाहरण मिळणे कठीण, आणि ते त्याच्या परवानगीवाचून घडले.

योकोईचा स्वतःचा शेवट मात्र चुटपुट लावणारा आहे. १९९५ मध्ये त्याचा व्हर्च्युअल बॉय सपशेल पडला. १९९६ मध्ये त्याने निन्टेन्डो सोडली, स्वतःची कंपनी काढली आणि बांदाईसाठी नव्या हँडहेल्डचे काम हाती घेतले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावरील अपघातात वयाच्या ५६ व्या वर्षी तो गेला. १९९९ मध्ये बाजारात आलेला तो वंडरस्वान एकाच पेन्सिल सेलवर सुमारे तीस तास चालत असे. त्यावरील एका कोड्याच्या खेळाला ‘गनपे’ असे त्याचेच नाव दिले गेले.

योकोई गेला त्याच वर्षी नोकियाच्या ६११० या फोनवर ‘स्नेक’ आला. तानेली आर्मांतो याने लिहिलेला हा साप कोणी विकत घेत नव्हते. तो फोनसोबतच येई. खेळासाठी वेगळे यंत्र घ्यावेच का, हा प्रश्न येथे प्रथम गांभीर्याने उभा राहिला. नोकियाने २००३ मध्ये एन-गेज काढून त्याचे उत्तर देऊ पाहिले, आणि ते उत्तर विनोदाचा विषय झाले. खेळ बदलायचा तर मागचे झाकण उघडून बॅटरी काढावी लागे. बोलायचे तर फोनची कड कानाला लावावी लागे. दोन यंत्रांचे गुण एकत्र येण्याऐवजी दोन्हींची गैरसोय एकत्र आली.

खरा पालट जुलै २००८ मध्ये ॲपलच्या ॲप स्टोअरने घडवला. तोवर निन्टेन्डो डीएस आणि सोनीचा पीएसपी यांनी हँडहेल्डचा सुवर्णकाळ उभा केला होता. एकट्या डीएसची विक्री १५ कोटींपलीकडे गेली. पण २०११ मध्ये थ्रीडीएस आला तेव्हा सहा महिन्यांच्या आत त्याची किंमत २५,००० येनवरून १५,००० येनवर आणावी लागली आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. फोनला सरस खेळयंत्र व्हावे लागलेच नाही. तो आधीच खिशात होता, एवढे पुरले.

फोनची किंमत वेगळ्या खिडकीवर चुकती होते. काचेवर बटणे नसतात, त्यामुळे अंगठे पडदाच झाकतात. त्याहून मोठी गोष्ट मालकीची. भारतात २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि २०१८ मध्ये आलेला पबजी मोबाइल गावोगावच्या पारांवर खेळला जाऊ लागला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात तोही होता. बंदीच्या बऱ्या-वाईटाचा वाद येथे बाजूला ठेवू. इतिहासाच्या विद्यार्थ्याला खटकावे ते असे, की हजारो तास खर्चलेली वस्तू खेळणाऱ्याकडे कधी नव्हतीच. ती दूरच्या सर्व्हरवर होती.

लॅपटॉपची वाट जुनी आणि जड आहे. १९८१ च्या ऑस्बोर्न १ या ‘वाहून नेता येणाऱ्या’ संगणकाचे वजन सुमारे ११ किलो होते आणि त्याला आतली बॅटरीच नव्हती. वाहून नेणे आणि हातात धरून खेळणे यांतले अंतर तेव्हापासून कायम आहे. विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-अवर आहे, म्हणून मोठे गेमिंग लॅपटॉप ९९ च्या आसपास थांबतात. पूर्ण जोमाने खेळ चालू असता यंत्र शंभर वॅट ओढत असेल, तर हिशेब सरळ आहे : एक तास. मग प्लग शोधा. २०२२ चा स्टीम डेक म्हणजे लॅपटॉपचाच जीव हँडहेल्डच्या कुडीत. त्याची बॅटरी ४० वॅट-अवरची, आणि वेळ खुद्द निर्मात्यांच्या म्हणण्यानुसार दोन ते आठ तास. जड खेळाला दोन तास हा आकडा पाहिला, की १९९० च्या गेम गिअरची आठवण येते. त्याआधी, २०१७ मध्ये, निन्टेन्डोने स्विच काढताना पुन्हा योकोईचेच सूत्र वापरले होते. आतली चिप त्या वर्षीही नवी नव्हती.

टिकण्याच्या निकषावर मात्र क्रम उलटतो. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोनच्या नव्या प्रणालीने जुनी ३२-बिट ॲप चालवणे बंद केले आणि सुरुवातीच्या काळातील असंख्य खेळ एका अद्ययावतीकरणात मुके झाले. थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी मिटले. अमेरिकेतील एका अभ्यासाने त्याच वर्षी दाखवले, की तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. जे जुने खेळ आज चालताना दिसतात, ते बरेचसे इम्युलेटरच्या साहाय्याने, आणि इम्युलेटरसाठी सर्वांत मोकळे यंत्र म्हणजे प्रवासाला सर्वांत गैरसोयीचा असलेला लॅपटॉप.

गेम बॉयची कॅसेट आजही लावली की चालते, हे खरे. पण पूर्ण खरे नव्हे. १९९६ च्या पोकेमॉनसारख्या खेळांत खेळाडूची प्रगती जपण्यासाठी कॅसेटच्या आत नाण्याएवढा एक सेल बसवलेला असे. त्याचे आयुष्य साधारण दीड-दोन दशकांचे. तो संपला, की खेळ पहिल्यासारखा सुरू होतो, फक्त साठवलेले काही उरत नाही. जुन्या कॅसेटी जपणारे लोक आता त्या उघडून, डाग काढून, नवा सेल जोडतात. जुना सेल सुटतो त्या क्षणी, आधी नक्कल काढून ठेवली नसेल, तर कोणा मुलाने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पकडलेले सारे पोकेमॉन पुसले जातात.