म्हैसूरच्या बाळंतिणींच्या वह्या

म्हैसूर म्हटलं की आपल्याला राजवाडा आणि दसरा आठवतो. आज मी तिथल्या जुन्या नोंदवह्यांची गोष्ट सांगणार आहे.

होल्ड्सवर्थ मेमोरियल हे मिशनचं इस्पितळ १९०६ साली सुरू झालं. तिथे जन्मलेल्या बाळाचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर वहीत लिहून ठेवत. १९३४ पासूनच्या या नोंदी टिकून राहिल्या. लष्करात असताना रोजची नोंद रोज लिहायचा मलाही कंटाळा येई. पण पुढे ती कुणाच्या कामी येईल, हे लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं.

१९८९ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशरच्या अशाच जुन्या वह्यांवरून दाखवलं, की जन्मतः कमी वजनाच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. अनेकांना ते पटलं नाही. मग प्रश्न आला, गरीब देशात काय दिसेल? आपल्याकडे तर हलकी बाळं घरोघरी.

उत्तर म्हैसूरच्या वह्यांत होतं. १९३४ ते १९५४ या काळात त्या इस्पितळात जन्मलेली आणि अजून जवळपास राहणारी ५१७ माणसं संशोधकांनी शोधून तपासली. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला. जन्मवजन अडीच किलो किंवा त्याहून कमी असलेल्यांपैकी ११ टक्क्यांना हृदयविकार होता, तर ३.१ किलोहून जास्त असलेल्यांपैकी ३ टक्क्यांना. हयात असलेलीच माणसं तपासली गेली, आधी गेलेली या हिशेबात नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं.

मधुमेहाचं चित्र मात्र वेगळं निघालं. तो जास्त दिसला तो लांबीला कमी पण अंगाने भरलेल्या बाळांमध्ये, आणि त्यांच्या आयाही सरासरीपेक्षा वजनदार होत्या. म्हणजे इंग्लंडचा नियम जसाच्या तसा इथे लावून चालणार नव्हतं.

इथे आपलं पुणं येतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळाचे स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. दिसायला बारीक, आतून मात्र तसं नाही.

मधुमेह आणि हृदयविकार हे सुखवस्तू माणसांचे आजार, असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. त्यांची मुळं आईच्या ताटातही असू शकतात, हे या वह्यांनी दाखवलं. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या गरोदर सुनेचा हिशेब कदाचित पन्नास वर्षांनी चुकता होतो.

म्हणून दोन गोष्टी करा. घरातल्या बाळंतिणीला आधी वाढा. आणि बाळाच्या जन्माचा कागद जपून ठेवा. म्हैसूरच्या त्या परिचारिकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांचे आकडे आजही बोलतात.